परदेशी नोकरीचा एजंट गल्लीत, त्याला तपासणारी खिडकी मुंबईत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि मा. पोलीस अधीक्षक,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव

स.न.वि.वि.

तालुक्याच्या कुठल्याही बसस्टँडसमोर उभं राहा. झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर, आयटीआयच्या फाटकाजवळच्या खांबावर, रसवंतीच्या पत्र्यावर एक कागद चिकटवलेला सापडेल: ‘दुबई, सौदी, कतार. वेल्डर, हेल्पर, ड्रायव्हर. दहावी नापास चालेल. पासपोर्ट घेऊन भेटा.’ खाली मोबाइल नंबर. परवाना क्रमांक नाही, एजन्सीचं पूर्ण नाव नाही, पत्ता नाही. परदेशी भरती करणाऱ्याने जाहिरातीत आपला नोंदणी क्रमांक ठळक छापावा, असं परराष्ट्र मंत्रालयाने बजावलेलं आहे. म्हणजे हा कागद स्वतःच पुरावा आहे, आणि तो भर चौकात लावलेला आहे. आपल्या कार्यालयांतली माणसं रोज त्याच्यासमोरून जातात. त्या नंबरवर फोन करून कुणी परवाना मागितल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

आम्ही आयटीआयचे निदेशक, पासपोर्टचे अर्ज भरून देणारे, वकील आणि आखातात कामं करून परतलेले फिटर-वेल्डर आहोत. लोक आमच्याकडे कागद घेऊन येतात, पण बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर. तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

परदेशी जाण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. मराठवाड्याचा माणूस कामासाठी बाहेर पडतोच: कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, बॅग घेऊन चाकण-रांजणगावला, पासपोर्ट घेऊन दम्मामला. पण ऊसतोडीचा मुकादम कितीही पिळणारा असला तरी हंगामाआधी मजुराला उचल देतो. इथे मजूरच एजंटला उचल देतो, तीही शेत गहाण टाकून.

आता तक्रारी.

१. परवाना कुणाचा आणि पैसे घेतं कोण

उत्प्रवास (म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाणं) कायदा, १९८३ च्या कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या कुणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे होते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. आपल्याकडे चालू भाव लाख-दीड लाखाचा आहे. पावती कुणीच देत नाही. ‘वरपर्यंत द्यावे लागतात’ एवढाच हिशेब.

परवाना बहुधा मुंबईच्या किंवा हैदराबादच्या ऑफिसचा असतो. गावात फिरणारा त्याचा ‘माणूस’. या माणसाला कायद्यात जागा नाही. परवाना ज्याच्या नावे त्यानेच वापरायचा, तो भाड्याने देता येत नाही. चलाखी आणखी एक आहे. फ्लेक्सवर कधीकधी खरा परवाना क्रमांक छापलेला असतो, पण तो भलत्याच एजन्सीचा उचललेला असतो. म्हणून क्रमांक नुसता परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडला म्हणून भागत नाही. तो चालू आहे, निलंबित आहे, रद्द झालाय की मुदत संपलीय, ते बघायचं. मग पोर्टलवर त्या एजन्सीसमोर जो फोन दिलाय त्यावर लावून विचारायचं, की अमुक माणूस तुमचा आहे का आणि अमुक कंपनीची भरती तुमच्याकडे आहे का. फ्लेक्सवरच्या नंबरला फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच विचारणं.

हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. पण ते शिकवणारं, करून देणारं माणूस जिल्ह्यात कुठल्या खुर्चीवर बसतं?

२. ठाण्यात गेलं की ‘हा दिवाणी मामला’

फसलेला मुलगा बापाला घेऊन ठाण्यात जातो. तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: ‘तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ फार तर एजंटला बोलावून घेतात, तो अर्धे पैसे हप्त्याने देतो म्हणतो, आणि पहिल्या हप्त्यानंतर त्याचा फोन बंद होतो.

पोलीस अधीक्षक महोदय, कायदा काय म्हणतो ते आपल्या ठाणेदारांसमोर मांडायची आमची तयारी आहे. कलम २४ प्रमाणे विनापरवाना भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. (दंडाचा आकडा १९८३ सालचा आहे. आज एका उमेदवाराच्या ‘फाइल चार्ज’मध्ये तो भरून निघतो.) कलम २६ प्रमाणे या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे गुन्हा नोंदवायला न्यायालयाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. अडकतं ते कलम २७ वर. खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, एवढंच वाक्य वाचून फाइल बाजूला ठेवली जाते. त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, मात्र कुणी वाचत नाही: तक्रार खुद्द जाणाऱ्याने किंवा जाऊ इच्छिणाऱ्याने केली, अथवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालक यांच्यापैकी कुणी केली, तर ही परवानगी लागत नाही. ठाण्यात उभा असलेला बाप नेमका या यादीतला असतो.

शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहेच. फसवून नेऊन राबवून घेतलं असेल तर माणसांच्या व्यापाराचं कलम १४३ आहे. पैसे परभणीत दिले, ऑफिस मुंबईत, फसवणूक मस्कतला, म्हणून हद्दीचा वाद घालायचं कारण नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. पुरावाही हाताशी असतो: यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, ऑफर लेटरचा फोटो. आणि एजंटाच्या कपाटात पडलेले दहा-वीस जणांचे पासपोर्ट. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, पासपोर्ट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. तो तारण म्हणून ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याही एजंटाला नाही. एवढ्या एका गोष्टीवर छापा घालता येईल.

३. दहावी पास झाला आणि संरक्षणाबाहेर गेला

ही तक्रार आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. असा माणूस आखातातले देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन धरून १८ देशांत नोकरीला निघाला, तर त्याला उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते. ती देणाऱ्या ‘उत्प्रवासी संरक्षक’ या केंद्रीय अधिकाऱ्याचं महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईला आहे. अर्ज ई-मायग्रेटवर होतो, फी २०० रुपये. त्या निमित्ताने मालक कोण, करार काय, पगार किती, हे निदान कुणीतरी एकदा बघतं. प्रवासी भारतीय विमा योजनाही घ्यावीच लागते: दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण. एक दिवसाचं मोफत प्रस्थानपूर्व प्रशिक्षणही आहे.

दहावी पास, आयटीआय किंवा पदवी झालेल्या पोराला यातलं काहीच सक्तीचं नाही. त्याच्या पासपोर्टवर शेरा नसतो, विमानतळावर परवानगी कुणी विचारत नाही, त्याचा करार कुणी बघत नाही. नर्सचा अपवाद आहे. २०१५ पासून त्यांना या १८ देशांसाठी शेरा नसतानाही परवानगी लागते. बाकीच्यांनी १८ देशांत जाताना आपली नोंद करावी, असा आदेश नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला होता. १ जानेवारी २०१९ पासून तो लागू व्हायचा होता, पण त्याआधीच स्थगित झाला. १९८३ चा कायदा बदलायचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये आले. पोरं जुन्याच कायद्याखाली विमानात बसताहेत.

आपल्या जिल्ह्यांत आता दहावी नापास कमी आणि बेरोजगार पदवीधर जास्त. एजंट हे आपल्याआधी ओळखून बसलेत. ‘डेटा एन्ट्री, कस्टमर सपोर्ट, डिजिटल मार्केटिंग, थायलंड, इंग्रजी टायपिंग यायला हवं’ ही जाहिरात त्यांनी या पदवीधरांसाठीच काढली. थायलंडपर्यंत पर्यटक म्हणून न्यायचं, सीमेवरच्या माए सोत गावातून मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत पोचवायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि सायबर फसवणुकीच्या अड्ड्यात कामाला बसवायचं, हा ठरलेला मार्ग आहे. कंबोडिया आणि लाओसमध्येही हाच धंदा. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या दोन विमानांतून ५४९ जणांना माए सोतहून परत आणलं. म्यानमार, कंबोडिया, लाओस हे तिन्ही देश त्या १८ च्या यादीत नाहीत. ‘हेल्पर’ म्हणून नेऊन पोरांना जिथे युद्धात उतरवलं, तो रशियाही त्या यादीत नाही. म्हणजे ईसीआर पासपोर्टवाल्यालाही तिथे जाताना कुणी अडवत नाही.

कायदा बदलणं आपल्या हातात नाही, हे आम्हाला कळतं. पण पदवीधरापर्यंत ही माहिती पोचवणारी महाविद्यालयं, आयटीआय आणि रोजगार मेळावे आपल्याच जिल्ह्यांत आहेत. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र मेळावे भरवतं. तिथे कंपन्यांच्या टेबलांच्या रांगेत ‘परदेशी नोकरीचे कागद तपासून मिळतील’ असं एक टेबल आम्हाला दिसलेलं नाही.

४. कागद वाचून देणारं कुणी नाही

एक नमुना घ्या. मोबाइलवर आलेलं ऑफर लेटर. वर कंपनीचा फिकट लोगो, ईमेल जीमेलचा, सहीखाली ‘एचआर मॅनेजर’ आणि भारतातला मोबाइल नंबर. पगार ‘१५०० + ओव्हरटाइम’, पण दिरहम की रियाल ते नाही. कामाचे तास नाहीत, राहणं-जेवण कुणाचं ते नाही, परतीचं तिकीट नाही. सोबतच्या व्हिसावर प्रकारापुढे ‘टुरिस्ट’. एजंट सांगतो, ‘तिकडे गेल्यावर बदलून देतात.’

पर्यटक वा व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे. एमिरातीत मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, आणि माणूस त्या दंडापायी कमी पगारावर राबत राहतो. ‘आझाद व्हिसा’ त्याहून फसवा. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो तिकडचा मालक, फक्त नावाला, काम स्वतः शोधायचं. सौदीत एकाच्या नावावर येऊन दुसऱ्याकडे काम करणं बेकायदा आहे. कफीलाने ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची नोंद, लावली की माणूस कामावरूनही जातो आणि सहजी घरीही येऊ शकत नाही.

सौदीच्या व्हिसावर अरबीत हुद्दा लिहिलेला असतो. इलेक्ट्रिशियन म्हणून निघालेल्या पोराच्या व्हिसावर ‘आमिल’, म्हणजे साधा मजूर, असेल तर तिथे त्याला वायरिंगचा पगार मिळणार नाही आणि तक्रारीलाही जागा उरणार नाही. हा एक शब्द वाचून देणारी माणसं मराठवाड्याच्या प्रत्येक शहरात आहेत, पण शासनाच्या कुठल्याच खिडकीत नाहीत.

वैद्यकीय तपासणीचाही असाच गोंधळ. आखाती देशांसाठीची तपासणी ‘वाफिद’ पोर्टलवरून मिळालेल्या स्लिपवर ठरवून दिलेल्या केंद्रातच होते. ती स्लिप उमेदवाराला स्वतःच्या नावाने काढता येते आणि खर्च थोडा आहे. एजंट तिचे हजारो लावतात. त्याहून वाईट म्हणजे क्रम उलटा केला जातो: आधी पैसे, मग मेडिकल. जुन्या क्षयाचा डाग एक्स-रेत दिसला किंवा कावीळ ‘ब’ निघाली की शेरा ‘अनफिट’, आणि पैसे परत नाहीत. क्रम असा हवा: मुलाखत, लेखी करार, मेडिकल, व्हिसा, व्हिसाची त्या देशाच्या सरकारी पोर्टलवर खात्री, आणि मगच एजंटाचे ३५,४००, तेही बँकेतून आणि पावतीवर. सौदीत प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी कौशल्य चाचणीचं प्रमाणपत्रही लागतं. ते न सांगता पैसे घेणारा एजंट पुढे ‘परीक्षेचे वेगळे’ म्हणून पुन्हा हात पसरतो.

कतारचं त्यातल्या त्यात बरं. तिथला करार निघण्याआधी भारतातल्याच कतार व्हिसा केंद्रात दाखवतात, सही तिथेच होते आणि मेडिकलही तिथेच. मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडे केंद्रं आहेत. कतारला पाठवतो म्हणणारा एजंट या केंद्राचं नावच काढत नसेल, तर तिथेच थांबावं.

५. बायकांच्या बाबतीत दुप्पट गप्पगप्प

ईसीआर पासपोर्टच्या ३० वर्षांखालच्या बाईला या १८ देशांत नोकरीसाठी परवानगी मिळत नाही, आणि घरकामासाठीची भरती फक्त ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच होते. म्हणून एजंट तिला व्हिजिट व्हिसावर दुबईला उतरवतात आणि तिथून ओमानला वगैरे पुढे ‘देतात’. अशा बाईची तक्रार घेऊन येणारा नवरा किंवा भाऊ ठाण्यात आधी स्वतःच अपमान सोसतो. हे थांबलं पाहिजे. एवढंच लिहितो.

शेजारी काय आहे तेही पाहावं. देगलूर-बिलोलीपलीकडचा निजामाबाद जिल्हा आखातात माणसं पाठवणारा जुना पट्टा आहे. तेलंगणाची स्वतःची सरकारी भरती कंपनी आहे, टॉमकॉम. केरळात नोर्का रूट्स आणि ओडेपेक या सरकारी संस्था आहेत. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १० हजार कुशल माणसांचा करार केला. इस्रायलच्या बांधकाम भरतीची चाचणी पुण्याला झाली. या सरकारी वाटा खऱ्या आहेत, पण त्यांची आजची स्थिती विचारायला जिल्ह्यात एक ठरलेली जागा नसेल, तर पोरगं परत खांबावरच्या नंबरलाच फोन करणार.

आमच्या मागण्या अशा. त्यांना नवा कायदा लागत नाही आणि वेगळा निधीही फारसा लागत नाही.

एक. प्रत्येक जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस परदेशी नोकरीचे कागद मोफत तपासणारी खिडकी सुरू करावी. एक प्रशिक्षित कर्मचारी, एक संगणक, अरबी वाचणारा एक स्वयंसेवक. आमच्यातले परतलेले कामगार हे काम विनामूल्य करायला तयार आहेत.

दोन. पोलीस अधीक्षकांनी सर्व ठाण्यांना लेखी परिपत्रक काढावं. त्यात कलम १०, २४, २६ आणि परंतुकासह कलम २७ मराठीत छापावं, आणि अशा तक्रारीत ‘दिवाणी स्वरूप’ असा शेरा मारायचा असेल तर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांची सही बंधनकारक करावी.

तीन. नगरपरिषदा आणि महापालिकांनी परदेशी नोकरीच्या कुठल्याही फ्लेक्सला नोंदणी क्रमांकाशिवाय परवानगी देऊ नये. लागलेले उतरवावेत, पण उतरवण्याआधी फोटो काढून नंबर पोलिसांना द्यावेत.

चार. सीएससी (सामान्य सेवा केंद्र) केंद्रांमार्फत ई-मायग्रेटच्या सेवा देण्याचा करार केंद्राने २०२४ मध्ये केला आहे. आपल्या जिल्ह्यांतल्या केंद्रचालकांना तो वापरायला शिकवावं. आज त्यांच्यातल्या अनेकांना पोर्टलचं नावही माहीत नाही, आणि काहींच्या दुकानातच एजंटांच्या बैठका होतात.

पाच. मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाला पत्र लिहून वर्षातून दोनदा तरी प्रत्येक जिल्ह्यात शिबिर घ्यायला लावावं, आणि प्रस्थानपूर्व प्रशिक्षणही त्याच शिबिरात ठेवावं. हिंगोलीच्या माणसाने एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी दोन रात्री रेल्वेत काढू नयेत.

सहा. ग्रामसभेत, आयटीआयच्या सूचनाफलकावर आणि तहसीलच्या भिंतीवर चार ओळी लावाव्यात: एजंटाचं नाव ई-मायग्रेटवर बघा; ३५,४०० पेक्षा जास्त देऊ नका; व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका; अडचण आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्र, १८००-११-३०९०, आणि परदेशात असाल तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं तक्रारींसाठीचं ‘मदद’ पोर्टल.

या पत्राची प्रत आम्ही विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर आणि उत्प्रवासी संरक्षक, मुंबई यांना पाठवत आहोत. आठही जिल्ह्यांत याच मागण्यांचे अर्ज लोकशाही दिनासाठी रीतसर दाखल करू. पहिल्या मागणीवर ‘खिडकी कुठे, कोणत्या वारी, कर्मचारी कोण’ एवढं तीन ओळींत लेखी मिळावं. दुसऱ्या मागणीवर परिपत्रकाचा जावक क्रमांक मिळावा. बाकीच्या चार मागण्यांवर समोर बसून बोलायला आम्ही तयार आहोत.

आपले,
मराठवाड्यातील आयटीआय निदेशक, वकील, पासपोर्ट अर्ज सहायक आणि परदेशातून परतलेले कामगार